घरचा ग्रॅनोला बार कधी दगड होतो, कधी भुगा! असं का होतं आणि त्यावर उपाय काय?

रीलमध्ये सगळं कसं झटपट असतं. एका भांड्यात ओट्स, वर मूठभर बदाम, चमचाभर बिया, मधाची सुंदर धार, आणि पुढच्याच क्षणी बटर पेपरवर एकसारखे कापलेले बार! ते बघून कुणीतरी उत्साहाने बाजारात जातं, ओट्स, बदाम, भोपळ्याच्या बिया, क्रॅनबेरी असं सगळं आणतं, रविवारची सकाळ त्यात घालवतं. आणि संध्याकाळी डब्यात काय असतं? एक तर बत्त्याने फोडावी लागेल अशी लादी, नाहीतर चमच्याने खावा लागेल असा भुगा. तिसरा प्रकार म्हणजे बटर पेपरला असा चिकटून बसलेला लगदा, की कागद कुठे संपतो आणि बार कुठे सुरू होतो तेच कळत नाही.

बदामाचे भाव बघता ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. त्यात गंमत अशी की पुढच्या वेळी बहुतेक लोक चुकीची गोष्ट बदलतात. ओट्सचा ब्रँड बदलतात, बदामाऐवजी काजू घालतात, बिया कमी करतात. खरा गुन्हेगार मात्र मोकळाच राहतो. तो गुन्हेगार म्हणजे पाक. बारमधलं बाकी सगळं सामान म्हणजे विटा आणि पाक म्हणजे सिमेंट. भिंत पडली तर विटांना दोष देऊन कसं चालेल?

हा पदार्थ जन्मापासूनच कडक आहे

ग्रॅनोलाचा पूर्वज अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी जन्माला आला. जेम्स केलब जॅक्सन हे तिथे एक आरोग्यधाम चालवत. १८६३ च्या सुमारास त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाची जाड पोळी भाजून, तिचे तुकडे करून, ते पुन्हा भाजून एक न्याहारीचा पदार्थ बनवला. नाव ठेवलं 'ग्रॅन्युला'. तो इतका कडक असायचा की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाताच येत नसे! पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या जॉन हार्वी केलॉग यांनी तसाच पदार्थ त्याच नावाने आणला, नावावरून वाद झाला, आणि केलॉगनी एक अक्षर बदलून 'ग्रॅनोला' केलं. ओट्स, मध आणि सुकामेवा घातलेला आजचा ग्रॅनोला मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झाला आणि १९७० च्या दशकात त्याचे बार दुकानात दिसू लागले.

वाडग्यातला ग्रॅनोला मोकळा असला तरी चालतो. उलट मोकळाच बरा. बार मात्र हातात धरून खायचा, दप्तरात, पर्समध्ये, ट्रेकच्या सॅकमध्ये टाकायचा. म्हणजे तो धरून राहायला हवा आणि दातांनी तुटायलाही हवा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या म्हणजे सगळा खेळ चिकटवणाऱ्या पाकावर येतो.

आणि पाकाच्या बाबतीत मराठी घरांना अमेरिकेकडून शिकण्यासारखं फारसं काही नाही. संक्रांतीचा तिळाचा लाडू आणि लोणावळ्याची चिक्की यांच्यात फरक काय? तीळ-शेंगदाणे बाजूला ठेवा, गूळ दोन्हीकडे आहेच. फरक आहे तो पाकाचा. लाडवाला गोळीबंद पाक, चिक्कीला कडक पाक. एक चावला जातो, दुसरा कट्‌कन तुटतो. ग्रॅनोला बारचे मऊ आणि कुरकुरीत हे दोन प्रकार म्हणजे हाच फरक.

पाकात नेमकं काय घडतं?

पाक उकळतो तेव्हा त्यातलं पाणी वाफ होऊन जात असतं. पाणी जितकं कमी, साखर जितकी दाट, तितका त्याचा उकळबिंदू वर चढतो. साधं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, पण साखरेचा पाक ११२ ते ११६ अंशांवर उकळत असेल तर त्यात साधारण १५ टक्के पाणी उरलेलं असतं. याचा थेंब थंड पाण्यात टाकला की त्याची मऊ गोळी होते. १२१ ते १३० अंशांदरम्यान पाणी आणखी घटून १० टक्क्यांच्या आत येतं आणि गोळी घट्ट होते, दाबली तरी आकार सोडत नाही. १५० अंशांच्या आसपास पाणी उरतं जेमतेम १-२ टक्के. याचा थेंब पाण्यात टाकला तर कडक होतो आणि ताटावर आपटला तर टण्‌ असा आवाज येतो.

म्हणजे तापमान हे फक्त निमित्त आहे. खरं मोजायचं ते पाकात उरलेलं पाणी. पाणी साखरेच्या कणांना एकमेकांवरून सरकायला जागा देतं, म्हणून तो बार दाताखाली दबतो. पाणी जवळजवळ संपलं की थंड झालेला पाक अक्षरशः काचेसारखा होतो. काच वाकत नाही, फुटते.

आता रीलमधली सूचना आठवा. 'मध आणि गूळ दोन मिनिटं उकळा.' कुठल्या गॅसवर? केवढ्या पातेल्यात? पसरट कढईत मोठ्या आचेवर दोन मिनिटांत पाक गोळीबंद होऊन पुढे निघून जाईल. उंच पातेल्यात मंद आचेवर तो नुसता गरम होईल. तीच पाककृती, तेच सामान, आणि एकाकडे दगड, दुसरीकडे लगदा. मिनिटं मोजून पाक होत नाही, हे चिक्की करणाऱ्या कुठल्याही आजीने सांगितलं असतं.

यावरचा उपाय तिचाच. शेजारी थंड पाण्याची वाटी ठेवायची. पाकाला फेस येऊन बुडबुडे लहान आणि दाट व्हायला लागले की गॅस बारीक करून थेंब टाकून बघायचा. पाण्यात विरघळून पसरला तर पाक कच्चा. बोटांनी गोळा करता आला आणि मऊ गोळी झाली तर मऊ बारसाठी तयार. हे बघत असताना पातेलं गॅसवरून उतरवून ठेवायचं, कारण परीक्षा चालू असताना पाक पुढे जातो आणि गेलेला पाक गुपचूप परत येत नाही.

थर्मामीटर असेल तर उत्तम, पण एक खबरदारी घ्यायला हवी. आधी तो उकळत्या पाण्यात बुडवून बघावा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उकळबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. पुणं साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वर तर १३०० मीटरच्याही वर, तिथे सुमारे ९५-९६. जितका फरक दिसेल तितके अंश पाकाच्या आकड्यातूनही वजा करायचे. मुंबईत ११५ ला उतरवायचा पाक पुण्यात ११३ ला उतरवायचा. दोन अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण मऊ आणि चिवट यांच्यातलं अंतर तेवढंच असतं.

साखर, गूळ की मध?

तिन्ही गोड असले तरी पाकात तिघांचा स्वभाव वेगळा. साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. तिच्या कणांना पुन्हा एकत्र येऊन खडे बनवायची फार हौस. उकळी आल्यावर ढवळत राहिलात की पाक साखरतो, आणि असा पाक चिकटवायचं काम सोडून देतो. बार वरून पांढरट, आतून भुसभुशीत होतो. लिंबाच्या रसाचे चार थेंब घातले की सुक्रोजचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटतो आणि ही खोड कमी होते. नुसत्या साखरेचा पाक करायचाच असेल तर लिंबू हवंच.

मधात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज मुळातच असतात आणि सुमारे १७ टक्के पाणी. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं आणि सोडत नाही, त्यामुळे मधाचा बार बरेच दिवस मऊ राहतो. पण याच गुणामुळे तो पावसाळ्यात हाताला चिकटतो. काही घरांत मध तापवत नाहीत, आयुर्वेदात तो गरम करू नये असं सांगितलं आहे. ते पाळायचं असेल तर मध वगळून गुळावर काम भागवावं. न तापवलेला मध नुसता ओट्सवर ओतून बार बांधायला गेलात तर मात्र काही हाती लागणार नाही, कारण त्यातलं पाणी तसंच राहतं आणि बार वाकून पडतो.

गूळ या दोघांच्या मधला. त्यात सुक्रोज जास्त असलं तरी ग्लुकोज-फ्रुक्टोजचाही अंश असतो, त्यामुळे तो साखरेइतका चटकन साखरत नाही. बाजारात चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो, तो जास्त चिवट आणि चिकट. कुरकुरीत बारसाठी तो छान. मऊ बारला मात्र साधा गूळच घ्यावा, नाहीतर बार दाताला चिकटून बसतो आणि दाढेतलं सिमेंट घेऊनच बाहेर येतो. हा विनोद नाही, दंतवैद्याचं बिल त्या सगळ्या बदामांहून मोठं असतं!

मराठी स्वयंपाकघरात सगळ्यात भरवशाचं मिश्रण म्हणजे साधा गूळ जास्त आणि मध थोडा. गूळ बांधून ठेवतो, मध वातड होऊ देत नाही.

दगड झाला, तर

पहिला संशय पाकावर, हे आता कळलंच. पण पाक बरोबर असूनही बार दगड होऊ शकतो. सगळ्यात नेहमीचं कारण ओव्हन. थापलेली लादी ओव्हनमध्ये गेली की आत पाक पुन्हा शिजायला लागतो. पातेल्यात गोळीबंद केलेला पाक २५ मिनिटं १६० अंशांच्या ओव्हनमध्ये बसला तर तो गोळीबंद राहीलच कसा? म्हणून एकच ठरवायचं. पाक पातेल्यात नीट करून घेतला असेल तर लादी भाजायची नाही. भाजायची असेल तर पाक फक्त गूळ विरघळेपर्यंत गरम करायचा आणि पुढचं काम ओव्हनवर सोपवायचं. दोन्हीकडे शिजवलं की बत्ता काढावा लागणारच. आणि ओव्हनमधून काढताना लादी दाबून मऊ लागली तरी घाबरू नये. गरम पाक मऊच असतो, कडकपणा थंड झाल्यावर येतो. 'अजून मऊच आहे' म्हणून दिलेली जास्तीची दहा मिनिटं हे कितीतरी दगडी बारांचं मूळ आहे.

दुसरं कारण तुपाची कंजुषी. तूप, लोणी, पीनट बटर यातला स्निग्धांश पाकाच्या मधे मधे शिरतो आणि त्याला एकसंध काच होऊ देत नाही. शंकरपाळ्यांना मोहन घातलं की त्या खुसखुशीत होतात, साधारण तसंच. 'हेल्दी' करायच्या नादात तूप काढून टाकलं की बार हेल्दी होतो की नाही ते माहीत नाही, कडक मात्र नक्की होतो. कुरकुरीत बारमध्ये आणखी एक युक्ती चालते. पाक उतरवल्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घालून भराभर ढवळायचा. पाक फुगतो, त्यात बारीक बुडबुडे अडकतात आणि बार जाळीदार, सहज तुटणारा होतो. चिमूट म्हणजे चिमूटच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

तिसरं कारण व्यायामवाल्यांसाठी. प्रोटीन पावडर घातलेले बार केले त्या दिवशी छान असतात आणि आठवड्याभरात चामड्यासारखे होतात. प्रथिनं आजूबाजूच्या पाकातलं पाणी हळूहळू ओढून घेतात आणि आपसात घट्ट बांधली जातात. कारखान्यात बनणाऱ्या प्रोटीन बारांनाही ही अडचण येते. घरी करायचं तर पावडर कमी, पीनट बटर जास्त, आणि तीन-चार दिवसांत संपतील एवढेच बार करायचे.

झालेला दगड फेकू मात्र नका. मऊ बार थोडासाच कडक झाला असेल तर मायक्रोवेव्हमध्ये १०-१५ सेकंद ठेवून खाता येतो. फारच कडक असेल तर तुकडे पातेल्यात घाला, दोन-तीन चमचे पाणी आणि चमचाभर तूप घाला, झाकण ठेवून मंद आचेवर पाक सुटू द्या आणि पुन्हा थापा. गेलेला पाक परत येतो तो असा, पाणी देऊन. ओट्स थोडे मऊ पडतील, पण पदार्थ वाचेल. आणि तेही नको असेल तर लाटण्याने ठेचून दह्यावर घाला. त्यालाच ग्रॅनोला म्हणतात!

भुगा झाला, तर

भुग्यामागची कथा जास्त गुंतागुंतीची आहे, आणि त्यात चांगल्या हेतूचा वाटा मोठा आहे.

घरी बार करायला घेण्याचं कारणच बहुतेकांचं हे असतं की, विकतच्या बारमध्ये साखर फार. म्हणून पाककृतीत लिहिलेल्या गुळाचं प्रमाण परस्पर निम्मं केलं जातं. चहात साखर कमी घातली तर चहा फक्त कमी गोड होतो. बारमध्ये गूळ कमी घातला तर सिमेंटच कमी होतं. प्रत्येक ओटाच्या कणावर पाकाचा पातळ थर बसायला हवा, तो बसला नाही की कण सुटा राहतो आणि बार कापताना तिथूनच फुटतो. ढोबळ हिशोब असा : कोरडा जिन्नस १० भाग तर ओला जिन्नस, म्हणजे गूळ, मध, तूप, पीनट बटर मिळून, ६ ते ७ भाग. वजनाने. वाटीने मोजायचं तर लक्षात ठेवा, वाटीभर ओट्स आणि वाटीभर मध यांच्या वजनात तीन-चार पटींचा फरक पडतो. दहा मिनिटं तराजू वापरलेला बरा.

प्रमाण बरोबर असूनही भुगा होत असेल तर बदामाकडे बघा. अख्खे बदाम आणि अक्रोडाचे मोठे तुकडे दिसायला छान, पण सुरी त्यावर आदळली की बार तिथून दुभंगतो. शेंगदाण्याएवढे किंवा त्याहून लहान तुकडे करावेत. आणि एकूण ओट्सपैकी पाव भाग मिक्सरमधून भरड फिरवून घ्यावा. ही भरड मोठ्या कणांमधल्या पोकळ्या भरते. भिंतीत विटांच्या मधे वाळू लागतेच ना, तसं.

मग येतं थापणं. इथे फार लाजऱ्या हातांनी काम होतं. चमच्याच्या पाठीने सारखं करणं म्हणजे थापणं नाही. सपाट बुडाच्या वाटीला तूप लावून, अंगाचं थोडं वजन टाकून, कोपऱ्यांपासून मध्याकडे दोन-तीन वेळा दाबायचं. मिश्रण गरम असतानाच. पाक गार होऊन घट्ट झाल्यावर कितीही दाबलं तरी कण एकमेकांना धरत नाहीत. म्हणूनच बटर पेपर लावलेला डबा पाक चढवायच्या आधी तयार असायला हवा, नंतर शोधाशोध नको. कोरडा जिन्नसही कोमट असेल तर उत्तम, थंडगार ओट्सवर पाक पडला की तो जागच्या जागी गोठतो.

आणि शेवटी सुरी. गरम असताना कापलं तर लादी सरकते, पूर्ण गार झाल्यावर कापलं तर फुटते. चिक्कीवाले थापल्या थापल्या रेघा मारतात ते उगाच नाही. कुरकुरीत बारवर गरम असतानाच खोल रेघा मारून ठेवायच्या आणि गार झाल्यावर त्या रेघांवर तोडायचं. मऊ बार मात्र पूर्ण गार होऊ द्यायचे, हवं तर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचे, आणि लांब सुरीने वरून खाली दाबून कापायचे. करवतीसारखी सुरी मागेपुढे केली की कडा सुटल्याच म्हणून समजा.

भुगा झालाच तर त्याला पाकाचा दुसरा हप्ता द्या. थोड्या गूळ-तुपाचा गोळीबंद पाक करून भुगा त्यात घोळवा आणि पुन्हा दाबून थापा. पाक वाढवायचा नसेल तर बिया काढलेला खजूर मळून त्यात भुगा मिसळा आणि लाडू वळा. बार नाही झाला तरी डबा भरतो.

आणि लगदा?

चिकट, वाकणारा, हातातून ओघळणारा बार म्हणजे पाक कच्चा. पाणी जास्त उरलं. लादी मंद ओव्हनमध्ये, १५० अंशांवर १०-१२ मिनिटं ठेवून पाणी उडवता येतं. पण कधी कधी केलेल्या दिवशी ठणठणीत असलेला बार दोन दिवसांनी लगदा होतो. हा दोष पाकाचा नाही, हवेचा. जुलैत मुंबईच्या किंवा कोकणाच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि गूळ, मध ती आनंदाने पितात. पापड, फरसाण सादळतं तसाच बारही सादळतो. पावसाळ्यात मध कमी करून गूळ वाढवावा, पाक एक-दोन अंश पुढे न्यावा आणि प्रत्येक बार वेगळा बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. उन्हाळ्यात विदर्भात हेच उलटं : हवा कोरडी, बार सुकतो, तिथे मध थोडा वाढवलेला चालतो.

पाण्याचा आणखी एक चोरटा मार्ग म्हणजे ताजी फळं. कुस्करलेलं केळं, सफरचंदाचा कीस घालून केलेले बार हे बार नसून केकचे चपटे भाऊ आहेत. ते मऊच राहणार, फ्रीजमध्ये ठेवावे लागणार आणि दोन-तीन दिवसांत संपवावे लागणार.

ओट्सची निवडही इथे महत्त्वाची. झटपट शिजणारे बारीक ओट्स पाक शोषून पिठूळ होतात, जाड रोल्ड ओट्स आकार धरून ठेवतात. आणि कुठलेही असोत, आधी खमंग भाजून घ्यायला हवेत. ओव्हनमध्ये १६० अंशांवर १२-१५ मिनिटं, मधे एकदा हलवून, किंवा कढईत मंद आचेवर वास सुटेपर्यंत. कच्चे ओट्स चघळताना पुठ्ठ्यासारखे लागतात, त्यावर कुठलाही पाक उपाय करू शकत नाही. ओट्सच हवेत असंही काही नाही. भाजलेले जाड पोहे, राजगिऱ्याच्या किंवा ज्वारीच्या लाह्या घातल्या तर बार हलका होतो. फक्त लाह्या फुगीर असल्याने वजनाला कमी आणि आकाराला जास्त, त्यामुळे पाक थोडा जास्त लागतो.

मग साखर कमी करायचीच नाही का?

इथे थोडा रोखठोक हिशोब करू. २०० ग्रॅम जाड ओट्स, १२० ग्रॅम शेंगदाणे-बदाम-बिया, ६० ग्रॅम बेदाणे, असा ३८० ग्रॅम कोरडा जिन्नस. त्याला १२० ग्रॅम गूळ, ८० ग्रॅम मध, ५० ग्रॅम पीनट बटर, १५ ग्रॅम तूप आणि चवीपुरतं मीठ. गूळ, मध, तूप गोळीबंद होईपर्यंत उकळायचं, उतरवून पीनट बटर मिसळायचं, कोमट ओट्सवर ओतायचं आणि २० सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात थापायचं. सोळा बार होतात, प्रत्येकी ४० ग्रॅमच्या आसपास.

यात गूळ आणि मधातून येणारी साखर धरली तर एका बारमागे १० ग्रॅमच्या आसपास पडते, म्हणजे दोन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी वाटा अशा साखरेचा असावा, आणि ५ टक्क्यांच्या आत आणला तर आणखी चांगलं. २००० उष्मांकांच्या आहारात याचा अर्थ अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम. मध आणि गूळ 'नैसर्गिक' म्हणून या हिशोबातून सुटत नाहीत. म्हणजे दिवसाला एक घरचा बार ठीक, पण 'ओट्स आहेत, खा कितीही' असं म्हणून पोरांच्या डब्यात तीन घालणं म्हणजे सहा चमचे साखर घालणं.

साखर खरंच कमी करायची असेल तर गूळ निम्मा करून भुगा करण्यापेक्षा बार लहान कापावा. सोळाऐवजी चोवीस. हा उपाय इतका साधा आहे की तो कुठल्याच रीलमध्ये दिसत नाही. दुसरा रस्ता खजुराचा. मऊ खजूर वाटून त्यात पीनट बटर घातलं की पाकाशिवायही बार बांधता येतो. त्यातही साखर असतेच, पण सोबत चोथाही असतो. मात्र खजुराचा बार कधीच कुरकुरीत होणार नाही, तो खजुराच्या वडीसारखाच लागणार. त्याच्याकडून चिक्कीची अपेक्षा करायची नाही.

लहान मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवायला हव्यात. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, शिजवलेलाही नाही, कारण त्यातून बोट्युलिझमचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या बारमध्ये अख्खे किंवा मोठे दाणे नकोत, ते घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी दाण्यांचं कूट घालावं. त्याने बारही जास्त घट्ट बांधला जातो. घरात आजी-आजोबांची कवळी असेल तर त्यांनाही हाच बार द्यावा.

बार हवाबंद डब्यात बाहेर आठवडाभर चांगले राहतात. त्यानंतर दाणे आणि बिया खवट व्हायला लागतात, विशेषतः अक्रोड आणि जवस. जास्त दिवस ठेवायचे असतील तर फ्रीजरमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर मात्र डबा लगेच उघडायचा नाही. थंड बारवर बाहेरच्या हवेचं पाणी जमतं आणि मेहनतीने केलेला बार पाच मिनिटांत चिकट होतो. डबा बंदच ठेवून अर्धा तास थांबायचं आणि मग झाकण काढायचं.